जपणे आणि पाळणे : मराठी बायबलची भाषा व जव्हार-मोखाड्यातील जीवन

धर्मग्रंथाच्या भाषांतराची चिकित्सा करताना समीक्षक सामान्यतः दोन कसोट्या वापरतात. मूळ हिब्रू व ग्रीक पाठाशी भाषांतर किती निष्ठ आहे, ही पहिली. आणि ते मराठीच्या प्रकृतीला किती मानवते, ही दुसरी. दोन्ही कसोट्या आवश्यक आहेत. परंतु ज्या ग्रंथाचे प्रयोजनच मुळी दैनंदिन आचरण हे आहे, त्याच्या बाबतीत त्या अपुऱ्या पडतात. असा ग्रंथ एकदा वाचून कपाटात ठेवण्यासाठी नसतो. तो मुखोद्गत व्हावा, कामाच्या वेळी आठवावा, आणि प्रसंगी वाचकाला त्याच्या सोयीच्या मार्गावरून परत फिरवावा, अशी त्याची स्वतःचीच अपेक्षा असते. अनुवादाच्या पुस्तकात हीच वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना बोलावीत, हातावर बांधावीत, दाराच्या चौकटीवर लिहावीत असे सांगितले आहे. तेव्हा तिसरी कसोटी ही की, भाषांतरातील शब्द वाचकाच्या घरात, वाटेवर आणि शेतात बोलला जाण्याजोगा आहे किंवा नाही.

ही कसोटी लावण्यासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके विशेष उपयुक्त ठरतात. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. लोकवस्ती फार मोठ्या बहुसंख्येने वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी जमातींची आहे. ख्रिस्ती कुटुंबे त्यांत अल्पसंख्य आहेत. येथे जन्मलेल्या मुलाची घरची बोली वारली किंवा कोकणा असते, आश्रमशाळेत त्याला प्रमाण मराठी भेटते, आणि ख्रिस्ती घरातील मुलाच्या वाट्याला बायबलची मराठी हा तिसरा थर येतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला ज्या शब्दांचे जुनेपण केवळ चवीपुरते जाणवते, ते शब्द येथे दोन पायऱ्या उतरून घरात यावे लागतात. म्हणूनच त्यांचे खरे वजन येथे कळते.

या प्रदेशातील बोलींचा आणि बायबलमधील एका कथेचा संबंध भाषाशास्त्राच्या इतिहासातही नोंदला गेला आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीने प्रत्येक बोलीच्या नमुन्यासाठी जो उतारा प्रमाण म्हणून निवडला, तो लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त होता. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील वारली, कातकरी, वाडवळ, सामवेदी अशा बोलींची दखल आहे. म्हणजे या पाहणीपुरता तो दृष्टान्त प्रत्यये आणि क्रियापदांची रूपे तपासण्याचे साधन म्हणून वापरला गेला. कोणी त्याप्रमाणे जगावे यासाठी नव्हे. पाहणीच्या हेतूला यात काही उणेपणा येत नाही. परंतु बोलीत भाषांतर असणे आणि बोलणाऱ्याच्या जीवनात त्या भाषांतराला स्थान असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मराठी बायबलच्या परंपरेचा धावता आढावा येथे पुरेसा आहे. विल्यम केरी यांच्या सेरामपूर येथील प्रयत्नांतून १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२६ मध्ये नवा करार छापला, आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल उपलब्ध झाले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात स्वतंत्र भाषांतर सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. ज्यांना पंडिती मराठीची सवय नाही अशा स्त्रियांना ते कळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे पालघर जिल्ह्यातच, वसईत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ तयार केले. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोनशे वर्षांच्या या वाटचालीत सुबोधतेकडे जाण्याची दिशा उघड आहे. परंतु सुबोधता म्हणजेच जीवनक्षमता नव्हे, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

प्रथम ग्रंथाच्या नावांचाच विचार करू. ‘पवित्र शास्त्र’ हे नाव रूढ करताना भाषांतरकारांना अधिकारवाचक शब्द हवा होता, आणि ‘शास्त्र’ हा तसा शब्द आहे यात शंका नाही. परंतु लोकव्यवहारात ‘शास्त्र’ या शब्दाने आणखी एक अर्थच्छटा मिळवली आहे. लग्नात एखादा विधी ‘शास्त्रापुरता’ उरकला असे म्हणतात, तेव्हा तो केवळ नावाला झाला असा आशय असतो. जो ग्रंथ नावापुरते करणाऱ्यांवर सर्वाधिक कठोर आहे, त्याच्या नावातच ही पळवाट शिरली. ‘करार’ या शब्दाची गती याहून बिकट आहे. हिब्रू ‘बरीथ’ हा शब्द दोन पक्षांनी परस्परांना बांधून घेण्याचा आहे, आणि फारसीमार्गे आलेला ‘करार’ तो व्यवहार अचूक सांगतो. तथापि ज्या प्रदेशात अंगठा उठवलेल्या कागदांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी गेल्या, तेथे करार हा देण्यापेक्षा घेण्याचा दस्तऐवज म्हणून ओळखला जातो. हा शब्द बदलावा असे यावरून ठरत नाही. तो समजावून सांगताना देव येथे सावकाराच्या जागी नाही, एवढे तरी प्रथम सांगावे लागेल, हे मात्र ठरते.

‘वचन’ हा शब्द अधिक सुदैवी आहे. शिष्ट मराठीत वचन म्हणजे उक्ती. पण बोलण्यात वचन म्हणजे दिलेला शब्द. ‘वचन पाळणे’ हा वाक्प्रचार ऐकताच मराठी मनुष्याला स्वतः दिलेल्या शब्दाची आठवण होते, दुसऱ्याने केलेल्या आज्ञेची होत नाही. देवाचे वचन पाळावयाचे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा आज्ञापालनाच्या अर्थाखाली शब्दाला जागण्याचा अर्थही वाजत राहतो. ‘पाळणे’ या क्रियापदाने त्यात भर घातली आहे. गुरे पाळतात, लेकरू पाळतात, आणि आज्ञाही पाळतात. हिब्रू ‘शामर’ या धातूतही राखणे आणि आचरणे हे दोन्ही अर्थ आहेत. मात्र मराठी क्रियापद त्यापुढे एक पाऊल जाते. कारण पाळलेली वस्तू वाढते. जे पाळावयाचे ते रोज चारापाणी मागते, आणि एक दिवस विसरले तर हंबरते. आज्ञापालनाची इतकी घरगुती कल्पना भाषांतरकारांनी हेतुतः योजली असो वा नसो, ती भाषेने त्यांना फुकट दिली आहे.

याच न्यायाने ‘जपणे’ या क्रियापदाकडे पाहता एक हुकलेली संधी दिसते. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस जे करतो, त्यासाठी हिब्रूत ‘हागा’ हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ तोंडातल्या तोंडात गुणगुणणे, पुटपुटणे असा आहे; यशयाच्या ग्रंथात सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठीही तोच धातू येतो. प्रचलित मराठीत तेथे ‘मनन’ हा शब्द आहे. मनन ही मनाची क्रिया होय. तिला आवाज नाही, आणि तिला बैठक व निवांतपणा लागतो. मराठी ‘जप’ पुटपुटण्याचा आहे, आणि त्याच कुळातील ‘जपणे’ म्हणजे काळजीने सांभाळणे. ओठांवर घोळवणे आणि जिवापाड सांभाळणे या दोन क्रिया एका शब्दात आणणारी भाषा जवळ असताना तिचा उपयोग येथे झाला नाही. ‘जप’ या शब्दाला असलेल्या माळेच्या व मंत्राच्या संबंधामुळे भाषांतरकार बिचकले असावेत, असा तर्क करता येतो. आणि शब्दांची पोकळ पुनरुक्ती करू नये असा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानात असल्याने तो बिचकणे निराधारही नव्हे. तथापि किंमत द्यावी लागलीच. मनन हे वाचणाऱ्याचे काम झाले. आवणी करताना वाकलेल्या बाईचे राहिले नाही.

ही किंमत जव्हार-मोखाड्यात विशेष जाणवते, कारण तेथील पवित्र वाङ्मय पूर्वापार कंठस्थ आहे. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी. तिच्या गाण्याखेरीज विवाह सिद्ध होत नाही, आणि ती गाणी तिला कोणत्याही पोथीतून मिळालेली नसतात. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा घांगळीच्या साथीने गाइली जाते. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. तो कायमचा नसतो, पुढच्या लग्नाला नव्याने लिहावा लागतो. अशा समाजात वचन जपणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते हे की, छापील पुस्तक हेही आवाजाचेच एक घर आहे. हा विचार सुटला तर पुस्तक केवळ वस्तू म्हणून जपले जाते. ते कापडात गुंडाळून उंचावर ठेवले जाते, वचनाचे कॅलेंडर भिंतीवर टांगले जाते, आणि दोहोंकडून रक्षणाची अपेक्षा केली जाते. दाराच्या चौकटीवर लिहिण्याची आज्ञा घरातून बाहेर पडणाऱ्याला आठवण राहावी यासाठी होती. तिचा ताईत होणे ही तिची विटंबना होय. हा धोका केवळ आदिवासी वा निरक्षर वाचकापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. चामडी बांधणीचे, सोनेरी कडांचे पुस्तक शहरातील दिवाणखान्यात हेच कार्य करीत असते.

मराठी ख्रिस्ती परंपरेला याचे उत्तर फार पूर्वी सापडले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांनी आणि गाणाऱ्या कंठांनी. टिपूच्या कैदेत गेलेल्या मंगळुरी ख्रिस्ती लोकांनी त्यातील ओव्या गाऊन धीर धरला, असे परंपरा सांगते. येथे लक्षणीय गोष्ट ही की, क्रिस्तपुराणाची भाषा सोपी नाही. ती संस्कृत शब्दांनी भरलेली, पोथीच्या घाटाची आहे. तरीही ती घरात राहिली, कारण ओवीला दळणकांडणाची लय ठाऊक होती. रमाबाईंनी शब्द सोपे निवडले, परंतु मुळाच्या शब्दाशी निष्ठेचा आग्रह धरल्याने वाक्याची चाल मराठी कानाला अडखळती वाटते. शब्दाची सुबोधता आणि वाक्याची लय यांपैकी स्मरणाला अधिक उपकारक कोणती, हे या दोन ग्रंथांच्या तुलनेत दिसून येते. नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आश्रय घेतला तो याच जाणिवेतून.

आता जगण्याच्या अधिक कठीण भागाकडे वळता येईल. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची ‘भाकर’ मागितली आहे. भाषांतरकारांनी अन्न, पाव किंवा पोळी असा शब्द न योजता भाकर हा शब्द घेतला, हा मराठी बायबलमधील सर्वांत यशस्वी निर्णयांपैकी एक म्हणावा लागेल. योहानाच्या शुभवर्तमानात मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या आहेत, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या; जव्हारच्या उतारांवर त्यांना नागलीच्या भाकरीचे रूप आपोआप मिळते. परंतु ‘रोजची’ हे विशेषण येथे अलंकार राहत नाही. पावसाळ्याच्या मध्यावर घरातील नागली व वरई संपते, आणि रानातील कडूकंद रात्रभर शिजवून खाण्याची पाळी येते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेले बालमृत्यू १९९२-९३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला कळले. २०१६ मध्ये मोखाड्याच्या निमित्ताने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ज्या घरात उद्याची भाकर निश्चित आहे, तेथे ही याचना कृतज्ञतेचे रूप घेते. जेथे ती निश्चित नाही, तेथे ती शब्दशः याचनाच असते. शिवाय याचनेचे सर्वनाम अनेकवचनी आहे. ‘माझी’ भाकर मागितलेली नाही, ‘आमची’ मागितली आहे. वसईतील वा मुंबईतील ख्रिस्ती मनुष्य जेव्हा ही प्रार्थना उच्चारतो, तेव्हा त्या ‘आमची’मध्ये मोखाडा येतो किंवा नाही, हा प्रश्न व्याकरणाचाच आहे, पण त्याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही.

पुढील याचनेत ‘ऋण’ हा शब्द आहे. मत्तयाच्या ग्रीक पाठात कर्जवाचक शब्द आहे, लूकच्या पाठात पापवाचक. आणि दोहोंमागील अरामी ‘होबा’ या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. मराठीत जुन्या भाषांतराने ऋण राखले, तर काही प्रार्थनापरंपरांत ‘अपराध’ हा शब्द रूढ झाला. अपराध हा शब्द स्पष्ट आहे, पण त्याने पैशाचा संबंध तोडला. ऋण हा शब्द तो संबंध राखतो, मात्र ‘ऋणानुबंध’, ‘आपला ऋणी आहे’ अशा शिष्टाचारांनी त्याची धार बोथट केली आहे. बोलण्यातला उघडा शब्द म्हणजे कर्ज. या जिल्ह्याच्या इतिहासात कर्जाचा अर्थ काय होता, हे गोदावरी परुळेकर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात पाहावयास मिळते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जो वारली सावकाराकडे राबत राही, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. आणि त्याच्यासह त्याची बायकोही राबे. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली. तरी सुगी संपल्यावर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना हंगामाच्या शेवटी हिशेबात फिटलेले काय आणि राहिलेले काय, ही चिंता असतेच. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारोने पेंढा देणे बंद करून विटांची संख्या मात्र तीच ठेवली, असे सांगितले आहे. तो अध्याय भट्टीवरच्या झोपडीत वाचला गेल्यास त्याला टीकाकाराची गरज भासणार नाही.

अशा वाचकाच्या दृष्टीने ‘ऋण’ हा शब्द काढून ‘अपराध’ घालणे म्हणजे प्रार्थनेतील त्याचे स्थानच काढून घेणे होय. त्याचबरोबर या याचनेची अट त्यालाही सुटत नाही. आपण आपल्या ऋणकोंना सोडले आहे, असे म्हणणारा प्रत्येक जण कोणाचा तरी धनको आहे, हे ही प्रार्थना गृहीत धरते. ज्याच्याजवळ काहीच नाही तो कोणाचा धनको? उत्तर उसनवारीत आहे. पायलीभर नागली, ओंजळभर मीठ, एका दिवसाचे काम, ही शेजाऱ्याशेजाऱ्यांतील देवघेव प्रत्येक पाड्यात चालते, आणि भांडणेही तिच्यावरूनच होतात. मोठ्या कर्जाखाली दबलेला मनुष्य लहान कर्जासाठी शेजाऱ्याचा गळा धरतो, ही कथा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातही आहे. वचनाप्रमाणे जगणे हे या ओंजळभर मिठाच्या ठिकाणी सिद्ध किंवा असिद्ध होते.

पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा विचार केल्याखेरीज हे विवेचन अपूर्ण राहील. बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडते. रूढ टीका या चार जमिनींना चार प्रकारचे श्रोते मानते, आणि शुभवर्तमानातील स्पष्टीकरणही तसेच आहे. जव्हार-मोखाड्याचा शेतकरी मात्र भात आणि नागली सरळ अंतिम शेतात फेकत नाही. तो पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब भाजतो, त्यावर बी टाकतो, आणि रोपे हाताएवढी झाली की उपटून आवणी करतो. खडकाळ उताराची वरकस जमीन हा त्याचा स्वभावदोष नाही. सपाटीची खाचरे ज्या व्यवहारांत गेली, त्यांचा तो परिणाम आहे. त्याच्या दृष्टीने खडकाळ जमीन ही निंदेची वस्तू नसून कामाची जागा आहे. या दृष्टीने पाहता दृष्टान्ताचा आशय खोटा ठरत नाही. त्यात एक भर पडते. जमीन जशी आहे तशी राहत नाही, ती तयार करावी लागते; आणि रोप एकदा उपटले जाऊन दुसऱ्या जागी रोवले गेल्याखेरीज भरत नाही. ऐकलेले वचन आणि आचरलेले वचन यांमधील अंतर याहून नेमके सांगणारी प्रतिमा दुसरी क्वचितच सापडेल.

यावर एक आक्षेप संभवतो. शब्दांचे मोल स्थानिक अनुभवावर ठरवू लागल्यास प्रत्येक तालुक्याचे बायबल निराळे होईल, आणि ग्रंथाचा अधिकार वाचकाच्या परिस्थितीत विरून जाईल. आक्षेपात तथ्य आहे. ग्रंथाने वाचकाला केवळ त्याचाच चेहरा दाखवला तर तो ग्रंथ आरसा होईल. आणि याकोबाच्या पत्रात आरशात पाहून लगेच स्वतःचे रूप विसरणाऱ्या माणसाचीच उपमा केवळ ऐकणाऱ्याला दिली आहे. म्हणून येथे सुचविलेली कसोटी मूळ पाठाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला लावावयाची आहे. वर पाहिलेल्या उदाहरणांत बहुतेक ठिकाणी मूळ पाठाचा कठोर अर्थच स्थानिक जीवनाला अधिक जवळचा ठरला. कर्ज कर्जच राहिले, भाकर भाकरच राहिली, आणि ‘हागा’चा आवाज परत मिळाला. सौम्य झाले होते ते मधले शिष्ट मराठी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. जातिभेद मनुष्यकृत आहे हे पटताच, बाप्तिस्म्यापूर्वीच, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. कोणत्याही शास्त्रचर्चेपेक्षा पाण्याच्या एका भांड्याने तो निर्णय अधिक स्पष्ट सांगितला. मराठी बायबलच्या भाषेची चिकित्सा करणाऱ्याने अशा भांड्यांचा, भाकरीचा, उसनवारीचा आणि राबाचा शब्दसंग्रह जवळ ठेवणे आवश्यक आहे. कोशात त्या शब्दांचे अर्थ मिळतील. परंतु वचन कोठे पाळले गेले आणि कोठे केवळ जपून ठेवले गेले, याची नोंद त्या वापरातच सापडेल.